नाकुरू : सोडा सरोवराकाठी, पाण्याच्या कलाने

केनियातल्या नाकुरू सरोवराचं जुनं छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं: काठापासून आतपर्यंत फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा आणि मागे डोंगर. ते डोळ्यांपुढे ठेवून आज तिथे गेलात तर पदरी निराशाच येईल. २०१०नंतर सरोवराचं पाणी चढत गेलं, फ्लेमिंगोंचे मोठे थवे दुसरीकडे गेले आणि उद्यानाचं मुख्य प्रवेशद्वारही पाण्याखाली गेल्यामुळे हलवावं लागलं. तरीही नाकुरूला जावं, पण गेंड्यांसाठी. फ्लेमिंगो हवे असतील तर उत्तरेला बोगोरिया सरोवरापर्यंत जायची तयारी ठेवावी. खालचा चार दिवसांचा बेत याच हिशेबानं आखला आहे: नैवाशा, नाकुरू, बोगोरिया आणि परत नैरोबी.

निघण्याआधी

पीतज्वराची (यलो फीवरची) लस आधी घ्यावी. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी ती टोचलेली असावी लागते, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. ते एकदा मिळालं की जन्मभर चालतं. केनियात शिरताना ते कुणी विचारेलच असं नाही, पण भारतात परतल्यावर नक्की विचारतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिथे वार ठरलेले असतात, म्हणून महिनाभर आधी चौकशी करावी. नाकुरू उंचावर असल्यानं तिथे मलेरियाचा धोका कमी, पण बोगोरिया जवळजवळ ८०० मीटर खाली आहे आणि तिथे डास आहेत. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलताना बोगोरियाचं नाव मुद्दाम घ्यावं.

केनियाचा व्हिसा जानेवारी २०२४पासून बंद होऊन त्याजागी ऑनलाइन प्रवास परवाना आला. अर्ज अधिकृत सरकारी संकेतस्थळावरूनच करावा. तसंच दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे उकळणारी दलालांची पानं शोधात वरती येतात.

सामानातून प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका. केनियात त्यांच्यावर ऑगस्ट २०१७पासून बंदी आहे आणि राष्ट्रीय उद्यानांत २०२०पासून एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. फराळाचे जिन्नस कापडी पिशव्यांत किंवा डब्यांत बांधा, पाण्यासाठी स्टीलची बाटली घ्या. तिथले सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी खाचांचे असतात, आपले गोल पिनांचे प्लग बसत नाहीत. आणि स्वेटर हवाच. विषुववृत्त जवळ असलं तरी नाकुरू साडेसतराशे मीटरच्या वर आहे. पहाटे सहाला छत उघडलेल्या गाडीत वारा चांगलाच झोंबतो.

जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे महिने. मार्च ते मे मोठा पाऊस असतो. तेव्हा गर्दी कमी आणि पक्षी जास्त, पण उद्यानातली काळी माती आपल्या देशावरच्या काळ्या रानासारखीच चिकटते. फोर-बाय-फोर नसलेली व्हॅन तिच्यात रुतली की दुसरी गाडी येईपर्यंत बसून राहावं लागतं, कारण खाली उतरायला परवानगी नाही.

पहिला दिवस : नैरोबी ते नैवाशा

अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. विमान पहाटे उतरत असेल तर शहरात मुक्काम न करता थेट निघता येतं. वाटा दोन आहेत. वरचा महामार्ग लिमुरूवरून कड्याच्या माथ्यानं जातो, खालचा जुना रस्ता माई माहिऊमार्गे थेट खचदरीत, म्हणजे रिफ्ट व्हॅलीत, उतरतो. खालच्या रस्त्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन युद्धकैद्यांनी बांधलेलं चिमुकलं चर्च आहे. पण उतार तीव्र, ट्रक भरपूर आणि ओव्हरटेकिंग बेछूट. जाताना वरून जावं. दरी पाहायला थांबण्याच्या जागाही त्याच वाटेवर आहेत. तिथल्या दुकानांत वस्तूंचा पहिला भाव ऐकून दचकू नये, निम्म्याखालून बोलणं सुरू करावं.

याच कड्यावरून युगांडा रेल्वे खाली उतरवली गेली. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत गेलेल्या या लोहमार्गासाठी तीस हजारांहून जास्त मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून नेले होते. नाकुरू गाव वसलं तेही या रेल्वेमुळेच. तिथल्या जुन्या पेठेत भारतीय आडनावांच्या पाट्या दिसतात त्याचा धागा इथपर्यंत येतो.

नैवाशा हे गोड्या पाण्याचं सरोवर. इथे बोटीतून फिरायचं ते सकाळी किंवा फार तर दुपारी लवकर. दुपारनंतर वारा सुटतो, लाटा उठतात आणि लहान बोटीत कॅमेऱ्यासकट सगळे भिजतात. वारा आणखी एक घोटाळा करतो. जलपर्णीचे तरंगते गालिचे ढकलून तो एखादा धक्का पार बंद करून टाकतो, मग बोट भलतीकडे लागते. भाडं माणशी नसून बोटीचं आणि तासाचं असतं, ते चढण्याआधी ठरवावं. जीवरक्षक जाकीट घालूनच बसावं. पाणघोड्यांच्या कळपापासून नावाडी स्वतःच अंतर राखतो. 'अजून जवळ घे' असा आग्रह धरू नये, कारण पाणघोडा बुडी मारून बोटीखाली आला तर ती उलटवू शकतो.

काही नावाडी शीळ घालून मत्स्यगरुडाला बोलावतात आणि मासा पाण्यात फेकतात. मासा बुडू नये म्हणून त्यात लव्हाळ्याचा तुकडा खुपसलेला असतो. फोटो छान येतो, पण पक्ष्याला त्या तुकड्यासकट मासा गिळावा लागतो. नको म्हणून सांगावं. गरुड इथे तसेही जागोजाग दिसतात.

रात्री सरोवराकाठच्या हॉटेलांच्या हिरवळीवर पाणघोडे चरायला येतात. जेवणाच्या दालनातून खोलीवर जाताना रखवालदार सोबत येतो तो शिष्टाचार म्हणून नव्हे. पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये माणूस सापडला तर प्राणी बाजूला होत नाही, सरळ अंगावर येतो.

नैवाशाजवळच्या हेल्स गेट उद्यानात सायकलवरून झेब्रे-जिराफांमधून फिरता येतं. हातात एक दिवस जास्त असेल तर अवश्य जावं. मात्र तिथली घळ पावसाळी हवेत टाळावी. २०१९ साली वरच्या अंगाला पडलेल्या पावसानं घळीत अचानक लोंढा आला आणि पर्यटकांचे बळी गेले. घळीत उभं राहून वरचा पाऊस कळत नाही.

दुसरा दिवस : नाकुरूत दुपारी शिरायचं

या सहलीतला सगळ्यात उपयोगी हिशेब तिकिटाचा आहे. उद्यानाचं तिकीट २४ तासांचं आणि एकदाच आत शिरण्यासाठी असतं. सकाळी शिरून संध्याकाळी बाहेरच्या हॉटेलात गेलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण पैसे पडतात. परदेशी माणसाचं शुल्क डॉलरमध्ये असतं आणि ते काही थोडं नाही. म्हणून दुपारी एक-दोनला शिरावं, उद्यानाच्या आतच मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या आत बाहेर पडावं. एका तिकिटात एक संध्याकाळ आणि एक सकाळ मिळते. प्राणी दिसतात ते याच दोन वेळांना. पैसे रोख घेत नाहीत, ऑनलाइन भरून पावती मोबाइलवर ठेवावी. प्रवेशद्वारावर इंटरनेट रेंगाळतं, तेव्हा आदल्या रात्रीच पावतीचं चित्र जपून ठेवलेलं बरं.

आत राहण्यासाठी महागडी लॉज आहेत तसे तंबूचे तळही आहेत. दक्षिण टोकाच्या मकालिया धबधब्याजवळचा तळ स्वस्त पडतो, पण तिथे कुंपण नाही, तेव्हा सगळं अन्न गाडीत बंद ठेवावं लागतं.

नैवाशाहून नाकुरूपर्यंत दीड-दोन तास धरावे. गिलगिलच्या वजनकाट्यापाशी ट्रकांची रांग लागते. शुक्रवारी दुपारी नैरोबीकडून येणारी आणि रविवारी संध्याकाळी नैरोबीकडे जाणारी गर्दी टाळता आली तर पाहावी. नैरोबीकडून येणाऱ्याला पूर्वेचं लानेट प्रवेशद्वार सोयीचं, गावातून वळसा पडत नाही.

उद्यान १८८ चौरस किलोमीटरचं. १९६१ साली पक्षी अभयारण्य म्हणून सुरुवात झाली, १९६८ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९० साली केनियातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आणि २०११ साली बोगोरिया व एलेमेंटाइटा या सरोवरांसह जागतिक वारसा. चहूबाजूंनी विजेचं कुंपण आहे. केनियातले काळे गेंडे १९७०च्या सुमाराच्या वीसेक हजारांवरून १९८०च्या दशकाअखेर चारशेच्याही खाली आले, ते शिकारीमुळे. उरलेले विखुरलेले प्राणी एकत्र आणून पहाऱ्यात वाढवायचं ठरलं आणि १९८७ साली नाकुरू त्यासाठी निवडलं गेलं. काळे गेंडे सोलिओच्या खासगी राखीव रानातून आणले, पांढरे मागाहून दक्षिण आफ्रिकेतून आले. कुंपणाचा दुसरा परिणाम म्हणजे इथे हत्ती नाहीत. एवढ्या बंदिस्त जागेत त्यांनी झाडं शिल्लक ठेवली नसती.

पूर्वेच्या काठानं दक्षिणेकडे निघावं. आधी लागतं पिवळ्या खोडाच्या बाभळींचं रान. त्यातली सरोवराकडची कित्येक झाडं आज पाण्यात उभी आणि वाळलेली आहेत, पाणकावळ्यांनी त्यांवर घरटी केली आहेत. जुने नकाशे इथे फसवतात, कारण काठाकाठानं जाणारा रस्ता ठिकठिकाणी पाण्यात गेला आहे. चालक ताज्या माहितीवर चालतो, त्याला मोबाइलवरचा रस्ता दाखवत बसू नये. याच रानात बिबट्या असतो. आडव्या, जाड फांद्या पाहत जायचं आणि लोंबणारं शेपूट शोधायचं. दुपारी तीन-चारला तो बहुधा झोपलेला असतो आणि अंग पानांत मिसळून जातं. नाकुरूचे सिंहही झाडावर चढतात. खालच्या ओल्या गवताला आणि चावऱ्या माश्यांना कंटाळून चढतात असं चालक सांगतात.

पुढे लायन हिलच्या उतारावर युफोर्बियाचं जंगल आहे. आपल्याकडच्या तीनधारी निवडुंगाच्याच कुळातला हा वृक्ष, पण उंचच उंच आणि मेणबत्त्यांच्या झुंबरासारखा वर फांद्या केलेला. चीक विषारी असतो, डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. फांदीला हात लावू नये.

दक्षिणेला मोकळं गवताळ मैदान लागलं की चार ते सहा हा वेळ गेंड्यांसाठी राखावा. पांढरा आणि काळा यांत रंगानं काही फरक करता येत नाही, दोघेही ज्या चिखलात लोळतात त्याच रंगाचे होतात. तोंड पाहा. पांढऱ्याचे ओठ रुंद आणि सपाट, तो गवत खातो, म्हणून मान सतत खाली आणि मानेवर उंचवटा. काळ्याचा वरचा ओठ चोचीसारखा टोकदार, तो झुडपांची पानं ओढून खातो, म्हणून डोकं वर. पिल्लू बरोबर असेल तर आणखी सोपं: पांढऱ्याचं पिल्लू आईच्या पुढे चालतं, काळ्याचं मागे. पांढरे उघड्यावर कळपानं दिसतात. काळा झुडपांत एकटा असतो, त्याची नजर अधू पण कान-नाक तिखट, आणि तो सहज बिथरतो. काळा गेंडा दिसला तर इंजिन बंद, बोलणं बंद आणि गाडीचा दार-खिडकीचा आवाजही नको. चालकांच्या वायरलेसवर 'किफारू' ऐकू आलं तर गेंड्याची बातमी आहे, 'चुई' म्हणजे बिबट्या.

विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि संधिप्रकाश जेमतेम वीस मिनिटं टिकतो. मुक्कामाकडे सहालाच वळावं. अंधारात गाडी फिरवायला मनाई आहे, दंडही होतो.

जेवणाचं शाकाहाऱ्यांना इथे अवघड नाही. मका आणि घेवड्याची उसळ म्हणजे गिथेरी, सुकुमा विकी ही परतलेली पालेभाजी, उगाली हा पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि चपाती, जिला तिथेही चपातीच म्हणतात. भाजी मांसाच्या रश्श्यात शिजवलेली नाही ना, एवढं विचारून घ्यावं.

तिसरा दिवस : सकाळी नाकुरू, संध्याकाळी बोगोरिया

सहाला निघावं, न्याहारी डब्यात बांधून घ्यावी. न्याहारीसाठी आठला लॉजवर परतणाऱ्या गाड्या दिवसातला सर्वोत्तम वेळ टेबलापाशी घालवतात. पहिले दोन तास पुन्हा दक्षिणेचं मैदान: रानम्हशी, वॉटरबक हरणं, झेब्रे, आणि रॉथशिल्ड जिराफ. गुडघ्याखाली पाय ठिपक्यांविना पांढरे असतील तर तो रॉथशिल्ड. हे जिराफ इथले मूळचे नव्हेत, पश्चिम केनियात त्यांचं रान शेतीखाली गेलं तेव्हा १९७०च्या दशकात त्यांना इथे आणून सोडलं.

छायाचित्रणासाठी तिपाईचा गाडीत उपयोग नाही. रिकामी कापडी पिशवी न्यावी, तिथे दोन किलो तांदूळ घेऊन ती भरावी आणि छताच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते. धूळ बारीक असते, लेन्स बदलायची तर पिशवीच्या आत हात घालून.

दहाच्या सुमारास पश्चिमेच्या बबून क्लिफवर यावं. इथे गाडीतून उतरता येतं आणि सरोवर पूर्ण दिसतं. काचा बंद करून उतरावं. बबून उघड्या खिडकीतून पिशवी उचलतात आणि हातातलं केळंही हिसकावतात. ओढाताण करू नये, सुळे मोठे असतात.

इथूनच पाण्याची गोष्ट नीट समजते. नाकुरूला नद्या येऊन मिळतात, बाहेर जाणारा प्रवाह एकही नाही. बाष्पीभवनानं क्षार साठत जातात आणि पाणी खारं, साबणासारखं बुळबुळीत होतं. आपलं लोणार याच जातीचं. अशा पाण्यात आर्थ्रोस्पायरा, म्हणजे बाजारात स्पिरुलिना म्हणून विकलं जाणारं सूक्ष्म शेवाळ, बेसुमार वाढतं. छोट्या रोहिताचं, म्हणजे लहान जातीच्या फ्लेमिंगोचं, पोट त्याच्यावरच चालतं, चोचीतली बारीक गाळणी तेवढ्यासाठीच घडलेली आहे. नव्वदच्या दशकात सरोवर आटून जवळपास कोरडं पडलं होतं, तेव्हाही पक्षी गेले. २०१०नंतर उलट झालं. सुमारे ४० चौरस किलोमीटरचं सरोवर ६०च्या पुढे पसरलं, क्षार पातळ झाले, आर्थ्रोस्पायरा घटलं आणि ताट रिकामं झाल्यावर थवे उठले. पाणी वाढलं तेव्हा पक्षी वाढतील असा आपला अंदाज असतो, सोडा सरोवरात तो नेमका चुकतो.

झोळीवाल्या पाणकोळ्यांचं मात्र वेगळं आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गेल्या शतकाच्या मध्यावर मगादी सरोवरातला क्षारात तगणारा तिलापिया मासा नाकुरूत सोडला, आणि मासे आल्यावर पाणकोळी, पाणकावळे, गरुडही आले. थोडे फ्लेमिंगो आजही उथळ टोकांना दिसतात. गडद, काळपट लाल चोच आणि लहान चण म्हणजे छोटा रोहित. फिकट गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं आणि उंची जास्त म्हणजे मोठा. ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येनं येतो तो छोटा, भिगवणला उजनीच्या पाण्यात दिसतो तो मोठा, एवढं लक्षात ठेवलं तर गोंधळ होत नाही.

मकालिया धबधबा कोरड्या महिन्यांत नुसता ओला कडा असतो. पाऊस झालेला नसेल तर तेवढा वेळ मैदानात द्यावा.

बाराच्या आसपास बाहेर पडून उत्तरेला मोगोतिओकडे निघावं. वाटेत विषुववृत्ताची पाटी आहे. पाण्याचा भोवरा उत्तरेला एका बाजूनं आणि दक्षिणेला दुसऱ्या बाजूनं फिरवून दाखवणारे लोक भेटतात. हातचलाखी आहे, वीस पावलांवर पृथ्वीच्या फिरण्याचा बादलीतल्या पाण्यावर काही परिणाम होत नाही. करमणूक म्हणून पाहावं.

बोगोरियाला दुपारीच पोचायचं कारण उजेड. सरोवर उत्तर-दक्षिण लांबट आहे, रस्ता पश्चिम काठानं जातो आणि पूर्वेला सिराचोचा उंच कडा उभा आहे. सकाळी सूर्य त्या कड्यामागून समोर येतो आणि पक्षी काळ्या आकृत्या होतात. चारनंतर तो आपल्या पाठीशी असतो आणि रंग खरे दिसतात. भर दुपारी मात्र तापलेल्या हवेच्या थरथरीनं लांबचा एकही फोटो स्पष्ट येत नाही. फ्लेमिंगोंची संख्या महिन्यागणिक बदलते, म्हणून प्रवेशद्वारावरच्या स्थानिक वाटाड्याला आज थवा कुठल्या बाजूला आहे ते विचारून तिकडेच जावं. चालत जवळ गेलात तर थवा उडतो आणि खाण्याचा वेळ वाया जातो, गाडी थांबवून बसलात तर पक्षी हळूहळू आपल्याकडे सरकतात. या सरोवरात मासे नाहीत, त्यामुळे इथले मत्स्यगरुड फ्लेमिंगोंवरच झडप घालतात. थवा एकाएकी उठला तर वर पाहावं.

बोगोरिया राष्ट्रीय उद्यान नव्हे, काउंटीचं, म्हणजे स्थानिक प्रशासनाचं, राखीव क्षेत्र आहे. तिकीट वेगळं काढावं लागतं.

चौथा दिवस : गरम झरे आणि परतीचा रस्ता

सकाळी सात ते नऊ झऱ्यांपाशी जावं. गार हवेत वाफ दाट दिसते, ऊन चढलं की तीच विरळ वाटते. पाणी चढल्यानं काही झरे आणि जुन्या रस्त्याचा भाग बुडाला आहे, तरी काठावरचे उकळते झरे पाहायला मिळतात. या उंचीवर पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळतं. लोक दोरीला बांधलेल्या टोपलीत अंडी उकडतात, दहा मिनिटं पुरतात. धोका अंड्यांचा नसून जमिनीचा. झऱ्याभोवतीचा पांढरा, कोरडा दिसणारा थर कित्येकदा पापुद्र्याएवढा असतो आणि खाली उकळतं पाणी. दगडांनी आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नये, मुलांचा हात सोडू नये.

दहापर्यंत परत फिरावं. नाकुरूपर्यंत दीड-दोन तास, पुढे नैरोबी तीन-चार तास, आणि शहरात शिरताना वाहतूक तुंबली तर त्यात एखादा तास आणखी. त्याच रात्रीचं विमान असेल तर ते दहानंतरचं असावं. विमानतळाच्या आवारात शिरण्याआधी प्रवाशांना गाडीतून उतरवून पायी तपासणीतून नेतात, पासपोर्ट आणि हातातली बॅग वर काढून ठेवावी. पीतज्वराचं प्रमाणपत्रही त्याच बॅगेत असू द्यावं, मुंबईत उतरल्यावर ते आरोग्य तपासणीच्या टेबलावर दाखवायचं असतं.